वाचकांचे प्रश्न : डिंगल द्वीपकल्पावर घर घेऊन राहताना

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, केरी परगण्यात, डिंगल नावाचे खडकाळ द्वीपकल्प अटलांटिक महासागरात दूरवर घुसलेले आहे. तिथे हॉटेलऐवजी सुट्टीचे घर भाड्याने घेऊन राहण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. एकाच विषयावरचे प्रश्न शक्य तेथे एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही सहा जण, म्हणजे आम्ही दोघे, सासू-सासरे आणि दहा व सात वर्षांची मुले, जूनमध्ये आयर्लंडला जात आहोत. प्रवास कंपनीने डिंगलसाठी एकच दिवस ठेवला आहे. त्याऐवजी तिथे घर घेऊन पाच-सहा दिवस राहावे असे आमच्या मनात आहे. एवढे दिवस पाहण्यासारखे तिथे आहे का?

आहे, आणि आपल्या मनातला बेतच योग्य आहे. एका दिवसाच्या सहलीत डिंगल गावातून निघून पुन्हा तिथेच येणारा, स्ली हेड या भूशिरावरून जाणारा सुमारे ४७ किलोमीटरचा फेरा घडवतात. कागदावर तो दीड-दोन तासांचा रस्ता दिसतो, त्यामुळे एक दिवस पुष्कळ झाला असे वाटते. मी पहिल्या खेपेस तसाच गेलो होतो. स्ली हेडच्या वळणावर बस थांबली तेव्हा रस्त्याच्या कडेचा दगडी बांध तेवढा दिसत होता आणि त्यापलीकडे धुके होते. समोर समुद्रात बेटे आहेत हे मला परत आल्यावर इतरांची छायाचित्रे पाहून कळले.

दुसऱ्या खेपेस बॅलीफेरिटर गावाजवळ घर घेऊन आठ दिवस राहिलो. त्यांपैकी तीन दिवस पाऊस होता, दोन दिवस ढग डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलेले होते आणि उरलेले तीन दिवस असे लख्ख होते की बेटांवरच्या पडक्या घरांच्या भिंती नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत होत्या. ते तीन दिवस कोणते असतील हे आदल्या आठवड्यात कोणीही सांगू शकले नसते. अटलांटिकवरून येणारी दमट हवा थेट ९५२ मीटर उंचीच्या माउंट ब्रँडनला धडकते, म्हणून तिथे वर्षातल्या कोणत्याही महिन्यात पाऊस पडतो. मात्र तो दिवसभर एकसारखा न कोसळता तासा-दोन तासांनी रूप पालटतो. घर असले की खिडकीशी बसून ढग हटण्याची वाट पाहता येते, भिजलेले कपडे वाळवता येतात, आणि थकलेल्या सासू-सासऱ्यांना घरी विश्रांती घेऊ देऊन बाकीच्यांना बाहेर पडता येते. माझ्या मते घर घेण्याचे खरे कारण हेच आहे. पैशांची बचत हे त्यानंतरचे कारण.

जूनमध्ये आणखी एक फायदा आपल्याला मिळेल. त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. किलार्नीहून आलेल्या सहलीच्या बसगाड्या दुपार उलटल्यावर परतू लागतात, आणि त्यानंतर चार-पाच तासांचा तिरपा, स्वच्छ उजेड मुक्कामाला असलेल्यांच्याच वाट्याला येतो. दिवसाचे जेवण लवकर उरकून संध्याकाळी पाच वाजता स्ली हेडला निघावे, असे मी आग्रहाने सुचवेन. किमान पाच रात्री एकाच घरात काढाव्यात. दोन रात्री इथे आणि दोन तिथे असे केल्यास सामान बांधण्यातच दिवस जातील. तारीख-वार लावून कार्यक्रम आखू नये. सकाळी आकाश पाहून त्या दिवसाचे ठरवावे.

प्रश्न : घर निवडताना आणि आरक्षणापूर्वी कोणती चौकशी करावी? संकेतस्थळांवर सगळीच घरे सुंदर दिसतात.

आधी जागा ठरवावी, मग घर. डिंगल गावात राहिल्यास दुकाने, खानावळी आणि बंदर पायी अंतरावर असते, परंतु खिडकीतून समुद्र दिसेलच असे नाही. पश्चिमेकडे डन क्वीन किंवा बॅलीफेरिटरच्या बाजूला समुद्र, कडे आणि मेंढ्यांची कुरणे दाराशी असतात. मात्र मोठी खरेदी डिंगललाच करावी लागते, म्हणून जाताना तिथे थांबून निदान तीन दिवसांचा शिधा भरून घ्यावा. उत्तरेकडे कॅसलग्रेगरीजवळ वाळूचे लांब किनारे आहेत. लहान मुलांना तो भाग आवडतो, पण स्ली हेडपासून तो लांब पडतो. वृद्ध मंडळी बरोबर असतील तर पश्चिमेचा पण डिंगलपासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आतला भाग मला अधिक सोयीचा वाटतो.

जुलै-ऑगस्टमध्ये पुष्कळ घरे शनिवार ते शनिवार अशीच दिली जातात, त्यामुळे विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी घराचे वार पाहून घ्यावेत. तळमजल्यावर शयनगृह आणि न्हाणीघर दोन्ही आहेत का, हा प्रश्न ज्येष्ठांसाठी स्पष्ट शब्दांत विचारावा. तिथल्या अनेक घरांत खोल्या उतरत्या छपराखाली, अरुंद जिना चढून वर असतात. चादरी-टॉवेल, वीज आणि घर गरम ठेवण्याचे इंधन भाड्यात धरले आहे की वेगळे, हे लेखी विचारून घ्यावे. जूनमध्येही संध्याकाळी घर गरम करण्याची गरज पडते.

घरात पाऊल टाकल्यावर बहुतेक भारतीय पाहुणे अडतात ते गरम पाण्यापाशी. न्हाणीघराजवळ किंवा जिन्याच्या माथ्यावर एक कपाट असते. त्याला तिथले लोक 'हॉट प्रेस' म्हणतात. आत पाण्याची मोठी टाकी असते आणि वरच्या फळ्यांवर टॉवेल ठेवलेले असतात. टाकी विजेवर तापवण्यासाठी जवळच दोन खटके असतात. एकाने वीज चालू-बंद होते आणि दुसऱ्यावर 'सिंक' व 'बाथ' अशी दोन स्थाने असतात. 'सिंक'वर ठेवल्यास टाकीच्या फक्त वरच्या भागातले पाणी तापते, ते भांडी घासण्यापुरते होते. 'बाथ'वर ठेवल्यास सगळी टाकी तापते आणि त्याला बराच वेळ लागतो. सहा जणांच्या आंघोळी असतील तर अंघोळीच्या तासभर तरी आधी खटका 'बाथ'वर करावा आणि काम झाल्यावर आठवणीने बंद करावा. आमच्या मुक्कामात पहिल्या सकाळी चौघांनी गार पाण्याने आंघोळ केली, ती केवळ या खटक्याची माहिती नसल्यामुळे.

स्वयंपाकाबाबत दोन गोष्टी. फोडणीच्या धुराने छतावरचा धूरसूचक भोंगा वाजू लागतो, म्हणून खिडकी उघडून आणि धूर बाहेर टाकणारा पंखा चालू करूनच कढई तापवावी. भोंगा काढून ठेवू नये. वस्तीपासून दूर असलेल्या घरांचे सांडपाणी त्यांच्या आवारातल्या शोषटाकीत जाते. त्यामुळे तळणीचे तेल, चहाचा गाळ किंवा पुसण्याचे ओले कागदी रुमाल (वाइप्स) मोरीत आणि शौचालयात टाकू नयेत.

प्रश्न : तिथले रस्ते फार अरुंद असल्याचे ऐकले आहे. आपल्या परवान्यावर गाडी चालवता येते का, आणि कोणती गाडी घ्यावी?

पर्यटक म्हणून गेलेल्यांना आपल्या देशाच्या वैध परवान्यावर आयर्लंडमध्ये गाडी चालवता येते. आंतरराष्ट्रीय परवानाही काढून ठेवावा, कारण काही भाडे-कंपन्या तो मागतात. वाहतूक डाव्या बाजूने असल्यामुळे आपल्याला नव्याने सवय करावी लागत नाही. ग्रामीण भागातल्या स्थानिक रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली आहे. स्ली हेडच्या रस्त्यावर मात्र अनेक वळणांवर तेवढा वेगही गाठू नये.

स्ली हेडचा फेरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच करावा, म्हणजे डिंगलहून आधी व्हेंट्री, मग स्ली हेड, डन क्वीन आणि शेवटी बॅलीफेरिटर. मोठ्या बसगाड्या त्याच दिशेने जातात, त्यामुळे अरुंद वळणावर त्यांच्याशी समोरासमोर गाठ पडण्याची वेळ सहसा येत नाही; शिवाय समुद्र सतत आपल्या डाव्या हाताला राहतो. स्ली हेडच्या थोडे आधी, फाहानच्या परिसरात, डोंगरावरून येणारा एक ओहोळ थेट रस्त्यावरून वाहतो. तिथे वेग अगदी कमी करावा. समोरून गाडी आली तर जिच्या मागे मोकळी जागा जवळ असेल तिने मागे सरायचे, असा रिवाज आहे. वाट दिल्याबद्दल स्थानिक माणसे स्टिअरिंगवरून एक बोट उचलून आभार मानतात. आपणही तसे करावे.

सहा जणांसाठी आपण सात आसनी गाडी घेणार असाल, तर ती घेऊन कॉनर खिंडीत शिरू नये. डिंगलहून उत्तरेकडे उतरणाऱ्या या रस्त्याची कडा एका बाजूला खडकात कोरलेली आहे, तो काही ठिकाणी एकाच गाडीपुरता आहे, आणि तिथे दोन टनांहून जड वाहनांना मनाई आहे. माणसे आणि सामान भरलेली मोठी गाडी ही मर्यादा सहज ओलांडते. ट्रॅलीहून येताना कॅम्प आणि अ‍ॅनस्कॉलवरून येणारा एन-८६ हा मुख्य रस्ता धरावा. खिंडीच्या माथ्यावरचा वाहनतळ डिंगलच्या बाजूने रुंद रस्त्याने गाठता येतो. छोटी गाडी असेल तर तिथवर जाऊन खालची तळी पाहावीत आणि त्याच वाटेने परतावे. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, आयर्लंडच्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात या खिंडीजवळची जमीनही आली आहे.

प्रश्न : ग्रेट ब्लास्केट बेटावर जायची आमची फार इच्छा आहे. आमच्याकडे एकच मोकळा दिवस आहे. नावेचे आरक्षण आधी केले म्हणजे काम झाले ना?

तसे नाही, आणि हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आरक्षण केल्याने नावेत जागा मिळते. नाव सुटेल याची हमी कोणीच देत नाही. डन क्वीनच्या धक्क्यापासून बेट समोरच दिसते आणि हवा चांगली असल्यास नावेला वीसेक मिनिटे पुरतात, परंतु मधल्या खाडीत भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह आहेत. बेटावर मोठा धक्का नाही. नाव थोडी दूर उभी राहते, मग प्रवाशांना रबरी होडीत उतरवून जुन्या, निसरड्या उतरंडीशी नेतात. लाट थोडी जरी उंच असली तरी उतरणे धोक्याचे ठरते, म्हणून लख्ख ऊन पडलेले असतानाही फेऱ्या रद्द होतात. आम्ही सलग दोन दिवस धक्क्यापर्यंत जाऊन परत आलो आणि तिसऱ्या दिवशी बेटावर पोहोचलो. घर जवळ असल्यामुळेच तिसरा दिवस मिळाला. आपण या बेटासाठी मुक्कामाचा पहिलाच दिवस धरावा, म्हणजे फेरी रद्द झाल्यास पुढचे दिवस हाताशी राहतील. फेऱ्या साधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर या काळात असतात.

ज्या खाडीमुळे आपली एक सहल चुकते, तिच्यामुळेच त्या बेटावरची वस्ती उठली. १९१६ च्या सुमारास तिथे पावणेदोनशे माणसे राहत होती. मासेमारी, मेंढ्या आणि थोडी शेती यांवर त्यांचा निर्वाह होता; वैद्य, धर्मगुरू, दुकान सारे काही पलीकडच्या किनाऱ्यावर. १९४७ च्या आरंभी एक तरुण मेंदूज्वराने आजारी पडला, पण वादळामुळे कोणाची मदत पोहोचू शकली नाही आणि तो मरण पावला. त्याच वर्षी वादळांनी बेटाची वाट बंद केली, तेव्हा बेटवासीयांनी पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांना तार करून अन्न मागितले. अखेर १७ नोव्हेंबर १९५३ रोजी सरकारने उरलेल्या बावीस जणांना बेटावरून हलवण्यास सुरुवात केली. त्यांपैकी बहुतेकांना डन क्वीनच्या परिसरातच घरे मिळाली, म्हणजे आपले ओस पडलेले गाव त्यांना पुढचे सारे आयुष्य दारातून दिसत राहिले. बेटावरच्या घरांच्या भिंतींमध्ये उभे राहताना हे माहीत असावे, असे मला मनापासून वाटते.

गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना बेटावर जाणे जमेल का, असे दुसऱ्या एका वाचकांनी विचारले आहे. डन क्वीनचा धक्का कड्याच्या तळाशी आहे आणि तिथे जाणारी काँक्रीटची वाट नागमोडी वळणे घेत तीव्र उताराने खाली जाते. वरून तिचे छायाचित्र फार देखणे येते, पण परत चढताना धाप लागते. गाडी त्या वाटेवर मुळीच नेऊ नये. ती तिथे वळत नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी डन क्वीनमध्येच ब्लास्केट केंद्र हे संग्रहालय आहे. त्यात बेटावरच्या जीवनाची माहिती मांडलेली असून लांब दालनाच्या शेवटी असलेल्या मोठ्या खिडकीतून समोर बेट दिसते. घरातली दोन माणसे बेटावर आणि दोन या दालनात, अशी वाटणी करण्यात काही गैर नाही.

प्रश्न : ज्येष्ठांना फारसे न चालता काय पाहता येईल? जुन्या वास्तूंची आम्हाला आवड आहे.

गॅलरसचे प्रार्थनामंदिर सर्वांत आधी पाहावे. उलट्या घातलेल्या होडीसारखी ही छोटी दगडी वास्तू चुना किंवा माती न वापरता रचली आहे. तिच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सहाव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत अंदाज वर्तवले गेले आहेत. खालच्या दगडापेक्षा वरचा दगड किंचित आत सरकवत दोन्ही बाजूंच्या भिंती माथ्याशी जुळवल्या आहेत, आणि प्रत्येक दगड बाहेरच्या बाजूला थोडा उतरता बसवला आहे, त्यामुळे शतकानुशतके पाऊस झेलूनही पाणी आत न येता बाहेर ओघळते. आत शिरल्यावर मान वळवून दाराच्या वर पाहावे. भिंतीतून पुढे आलेले, भोके पाडलेले दोन दगड दिसतील. त्यांच्या आधाराने कधी काळी दार टांगलेले असे. समोरच्या पूर्वेच्या भिंतीत एकच लहान खिडकी आहे आणि बाकी सारा अंधार. बाहेर पाऊस पडत असताना आत थांबण्याची संधी मिळाली तर ती दवडू नये. भिंतीवरून पाणी वाहताना ऐकू येते आणि हात लावला तर दगड आतून कोरडा लागतो.

तिथून थोड्याच अंतरावर किलमलकेदारचे बाराव्या शतकातले चर्च आहे आणि त्याच्या आवारात ओगम या रेघांच्या खुणांनी लिहिल्या जाणाऱ्या प्राचीन आयरिश लिपीतला लेख कोरलेला शिलास्तंभ आहे. फाहानजवळची मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची दगडी घरे खासगी शेतांत असल्याने शेतकरी थोडे शुल्क घेतात आणि चढही आहे, म्हणून आधी पाहून मगच ज्येष्ठांना न्यावे. वाटेत कुठलेही फाटक लागले तर ते जसे होते तसे, म्हणजे बंद असल्यास पुन्हा बंद करून, पुढे जावे.

प्रश्न : मुलांना समुद्रात उतरू द्यावे का?

स्ली हेडजवळच्या कुमिनोलच्या किनाऱ्यावर नाही. ती पुळण फार सुंदर आहे, परंतु तिथले प्रवाह घातक आहेत आणि तसे फलकही आहेत. पाण्यात उतरण्यासाठी उन्हाळ्यात जीवरक्षक असणारे व्हेंट्री किंवा इंचसारखे किनारे निवडावेत. इंचच्या वाळूत गाड्या उतरवण्याची पद्धत आहे, ती आपण अनुसरू नये. भरतीत गाड्या अडकतात. कड्यांच्या बाबतीत मी याहून कडक आहे. डनबेग हा कड्याच्या टोकावरचा प्राचीन किल्ला. २०१४ च्या हिवाळ्यातील वादळांत त्याचा काही भाग समुद्रात कोसळला आणि पुढेही पडझड झाली. दगडी किल्ल्याखालची जमीन जिथे अशी सुटते, तिथे गवताच्या काठावर उभे राहून छायाचित्र काढणे योग्य नव्हे. वाऱ्याच्या दिवशी मुलांचा हात धरूनच चालावे. संकटसमयी ११२ क्रमांक लावून तटरक्षक दलाची मदत मागावी.

प्रश्न : डिंगलच्या बंदरातला प्रसिद्ध डॉल्फिन दिसेल का?

नाही. १९८३ पासून त्या बंदरात एकटा राहिलेला फंगी ऑक्टोबर २०२० नंतर दिसलेला नाही. नावा अजून सुटतात, त्या समुद्रपक्षी, सील आणि नशिबात असल्यास देवमासे दाखवण्यासाठी.

प्रश्न : शेंगेन व्हिसा असल्यास आयर्लंडला जाता येते का? आणि गाडी चालवता येत नसेल तर काय करावे?

आयर्लंड शेंगेन व्यवस्थेत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे भारतीय पारपत्रधारकांना आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. चलन मात्र युरोच आहे. ब्रिटिश-आयरिश संयुक्त योजनेची नोंद असलेल्या ब्रिटनच्या ठरावीक व्हिसांवरही जाता येते. ती नोंद आपल्या व्हिसावर आहे की नाही हे नीट वाचावे. गाडी नसल्यास रेल्वेने ट्रॅली आणि तिथून बसने डिंगल गाठावे व घर गावातच घ्यावे. पश्चिमेकडच्या खेड्यांना बसफेऱ्या मोजक्याच आहेत. स्ली हेडसाठी गावातून छोट्या गाड्यांच्या सहली निघतात, आणि दम असेल तर सायकलही भाड्याने मिळते.

प्रश्न : तिथल्या पाट्या इंग्रजीत नसतात असे कळले. वाट कशी शोधायची?

द्वीपकल्पाचा पश्चिम भाग आयरिशभाषक प्रदेश म्हणून मान्यता पावलेला आहे आणि तिथे गावांची नावे पाट्यांवर आयरिशमध्येच असतात. नकाशात 'डिंगल' शोधणाऱ्याला पाटीवर 'डँगन' असे काहीसे दिसते. घराचा आणि पाहायच्या ठिकाणांचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, आणि दोन्ही भाषांतली नावे कागदावर लिहून घ्यावीत. चार शब्द ओळखीचे झाले की पाट्या बोलू लागतात. गड, वाडी, खिंड हे शब्द नावात आले की आपल्याला गावाची ठेवण कळते, तसेच तिथे 'डून' म्हणजे किल्ला, 'किल' म्हणजे चर्च, 'त्रा' म्हणजे पुळण, 'क्नोक' म्हणजे टेकडी आणि 'क्यन' म्हणजे भूशिर. दुकानात बोलताना इंग्रजी चालते, पण निघताना 'गुर्मह अगत' असे म्हणून आभार मानले की समोरच्या माणसाचा चेहरा खुलतो, हा माझा प्रत्येक वेळचा अनुभव आहे. आणि रस्त्यावर पांढऱ्या रंगात 'गो मॉल' अशी अक्षरे दिसली तर मुलांना सांगावे की पुढे बाजारपेठ नाही. त्या शब्दांचा अर्थ आहे 'सावकाश', आणि त्यापुढे बहुधा आंधळे वळण असते.